रंगकामात ६०,००० ला गंडवलं, मटेरियलसकट काम देणाऱ्यांनी आधी वाचा

घराला आतून रंग द्यायचाय आणि स्वतः करू की माणूस लावू या विचारात असाल तर माझं एक ऐका. माणूस खुशाल लावा, पण रंग, प्रायमर, लांबी (भिंत सपाट करायची पुट्टी) यातलं काहीही त्याला आणू देऊ नका. दुकानात तुम्ही जा, बिल तुमच्या नावावर घ्या, त्याला फक्त मजुरी द्या. मी मटेरियलसकट काम दिलं आणि ६०,००० रुपये घालवले, वर ते सगळं खरवडून परत करून घ्यायला ५४,४०० गेले. एकूण १,१४,४००, आणि तेही टू बीएचकेच्या नुसत्या आतल्या रंगाला.

आता लोक म्हणणार एवढी शिकलेली बाई, हिला कळलं कसं नाही. अहो सगळं कळत होतं. काम द्यायच्या आधी मी स्वतः बसून हिशोब केला होता. कार्पेट ६४० स्क्वेअर फूट, भिंती आणि सिलिंग मिळून त्याच्या साडेतीन पट धरायचं म्हणजे २,२४० च्या आसपास, चांगलं इमल्शन, म्हणजे पुसता येणारा रंग, दोन हात मारायला लिटरमागे साधारण १४० फूट जातं म्हणजे १६ लिटर, म्हणून २० ची बादली, शिवाय प्रायमर, लांबी, रोलर, ब्रश, पॉलिश पेपर, मास्किंग टेप सगळं धरून १८,९०० होत होते. एकेक खोली करत सुट्टीच्या दिवसांत आम्ही दोघांनीच उरकायचं असं ठरलंही होतं. आणि खरं सांगू का, जुना रंग धड असेल, पोपडे नसतील तर भिंत पुसून हलका पॉलिश पेपर मारून दोन हात रोलर फिरवणं कुणालाही जमतं, त्यात काही विद्या नाहीये. पण सिलिंग आपल्याच्याने होत नाही, मान धरते, आणि लांबी भरून लेव्हल काढणं हे हाताचं काम आहे, ते व्हिडिओ बघून येत नाही. त्यात बेडरूमच्या एका भिंतीला ओल होती आणि सासऱ्यांना दमा आहे, घासकामाची धूळ महिनाभर घरात नको म्हणून माणूस लावायचं ठरवलं. हा निर्णय तेव्हाही बरोबर होता आणि आजही मी तोच घेईन, त्यामुळे "स्वतः केलं असतं तर" हे मला कुणी ऐकवू नका.

तर हा काँट्रॅक्टर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात लेझरचं मोजायचं यंत्र, मोबाइलवर केलेल्या कामांचे फोटो, आणि दर वाक्याला ताई. "ताई, भावाचं घर समजून काम करतो." माप निघालं २,८६०. मी म्हणलं एवढं कसं, तर म्हणे दारं खिडक्या वजा करत नाहीत, कडांचं काम जास्त असतं. आता असं काही लोक खरंच लावतात, त्यामुळे मी गप्प बसले. नंतर टेप घेऊन स्वतः मोजलं तर २,१४० भरलं. ७२० फूट हवेत. २६ च्या रेटने १८,७२० रुपये खिडकीच्या काचा रंगवायचे लावले होते त्याने.

एकूण ७४,३६०, पण रोख दिलीत तर ७२,०००, जीएसटीचा त्रास नको म्हणे. अ‍ॅडव्हान्स ४५,००० घेतला, त्यातले २०,००० यूपीआयने आणि २५,००० रोख. रोख दिलं म्हणून मला बोलणाऱ्यांनी आपापल्या घराच्या कामाची बिलं आधी दाखवावी. त्याच्या कोटेशनवर जीएसटी नंबर छापलेला होता हे मात्र सांगते, आणि तो १४ अक्षरी होता. खरा १५ अक्षरी असतो आणि सरकारी पोर्टलवर टाकला की मालकाचं नाव येतं, मिनिटाचं काम आहे. पण कोटेशनवर छापलेल्या नंबराची अक्षरं कोण मोजत बसतं.

आणि मग त्या बादल्या. ह्यावर मी आजही रात्री जागी होते. सामान आलं त्या सकाळी चार बादल्या पॅसेजमध्ये ठेवल्या, नामांकित कंपनीच्या, वरून चकाचक, आणि चारही बादल्यांच्या झाकणाचं सील तुटलेलं. मी विचारलं, अगदी विचारलं, की ही उघडी कशी. तो हसला आणि म्हणाला, "ताई, मशीनवर शेड मारायला झाकण उघडावंच लागतं ना." आणि हे खरं आहे हो, शेड हवी असेल तर दुकानात बेसची बादली उघडून त्यात रंगद्रव्य टाकतात, मशीनवर हलवतात आणि झाकण परत दाबून बसवतात, मला ते माहीत होतं म्हणूनच पटलं. काहीच माहीत नसलेल्या बाईने कदाचित भांडण काढलं असतं. पण त्या चारातली एक बादली सिलिंगच्या पांढऱ्याची होती. तयार पांढरा! त्याला कसलं आलंय शेड मारणं? तो कंपनीतून येतो तसाच वापरायचा असतो. ती बादली माझ्या पायाशी होती, झाकण तिरकं बसलेलं, आणि बाकीच्या तिन्हींवर शेडचा स्टिकरही नव्हता, दुकानातून मारून आणलेल्या बादलीवर शेडचा नंबर, बेस, तारीख असलेला कागद चिकटवलेला असतो. त्याच वेळी सोफा उचलायला माणसं खोळंबलेली, सासऱ्यांना नणंदेकडे सोडायला गाडी खाली उभी, कामावरून फोन, अशा वेळी झाकणाचा स्टिकर शोधणारी बाई मला आणून दाखवा.

आत काय होतं ते तुम्हाला कळलंच असेल. इमल्शनऐवजी साधं डिस्टेंपर, म्हणजे स्वस्तातला हलका रंग, त्यात पाणी. बादलीत कंपनीचं बक्षिसाचं टोकन असतं, ते रंगारी काढून घेतात हे सगळ्यांना माहीत आहे, ते गेलं तर गेलं, पण अख्खी बादलीच जुनी, दुसऱ्या कुठल्या तरी साइटवरून उचलून परत भरलेली. बादलीवर बॅच नंबर आणि उत्पादनाचा महिना छापलेला असतो, तो दोन वर्षांपूर्वीचा निघाला.

काम अर्धं झाल्यावर ह्याची दुसरी मागणी. सगळं फर्निचर खोलीच्या मध्ये ढीग करून प्लास्टिकखाली, स्वयंपाकघर बंद, भिंती खरवडलेल्या, आणि हा म्हणतो ताई भिंतीला लेव्हलच नाही, लांबी डबल लागली, १५,००० द्या नाहीतर पोरं उद्या येणार नाहीत. देणार नाही तर काय करणार? उघड्या पडलेल्या घरात उभं राहून कुणी भाव करत नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून ही मागणी कधीही पहिल्या दिवशी येत नाही. दिले, रोख. त्यानंतर गावी मयत झालं म्हणून जो गेला तो गेला. पॅसेजचा रंग आणि स्वयंपाकघराचं सिलिंग तसंच. कामावरची पोरं तर नाक्यावरून उचललेली, त्यातल्या एकाने मला फोन करून विचारलं की मॅडम आमची मजुरी तुम्ही देणार का. म्हणजे त्यांनाही टोपी.

मग भिंतीला टेकलं की शर्टाला पांढरी पूड. ओलं फडकं फिरवलं तर फडक्यावर रंग. ओलीच्या भिंतीवर तर फुगे येऊन पापुद्रे सुटले, कारण ओल कुठून येते ते न बघता वरून लांबी थापली होती. हेही ऐकून ठेवा, ओल बंद केल्याशिवाय त्यावर सोनं लावलं तरी टिकणार नाही. आधी बाहेरची तड, बाथरूमचा पाइप, मग रंग.

आता पोलीस. चौकीत साहेब म्हणाले, "मॅडम, रंग लागलाय ना भिंतीला? मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." मी म्हणलं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पूर्वीचं ४२०. तर वकील आहात का म्हणून हसले. सुरुवातीपासून फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं म्हणे. अहो मग दुसऱ्याची बादली आणून त्यात पाणी घातलेलं डिस्टेंपर भरणं हा काय अपघात आहे का? बादली पुरावा म्हणून मी घेऊन गेले होते, ठेवायला जागा नाही म्हणाले, परत आणली. एफआयआर नाही, नुसता अर्ज, त्यावरही पोच मागितली तेव्हा नाराज होऊन शिक्का मारला. नवीन कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, एफआयआर घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लिहून पाठवता येतं. पाठवलं. उत्तर काय आलं, तर तुमचा अर्ज चौकशीसाठी त्याच पोलीस ठाण्याकडे वर्ग केला आहे! ज्यांनी घेतला नाही त्यांच्याकडेच. तिथले साहेब आता म्हणतात वर गेलात ना, मग वरूनच करून घ्या. रंगाच्या कंपनीला फोन केला तर तो काँट्रॅक्टर आमच्या यादीत नाही, धन्यवाद, आणखी काही मदत हवी आहे का. तुमच्या नावाच्या बादल्यांत बाजारात काय विकलं जातंय ह्याचं ह्यांना काही पडलेलं नाही.

ग्राहक आयोगाचं कागदावर वाचाल तर डोळ्यात पाणी येईल इतकं छान आहे. २०१९ चा कायदा, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आणि समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, वस्तूची तपासणी लागली तर ५ महिन्यांत. नोटीस मिळाल्यापासून, हं. त्याच्या कार्डावरचा पत्ता शिंप्याच्या दुकानाचा निघाला, नोटीस परत आली. आयोगातला क्लार्क मला म्हणतो योग्य पत्ता सादर करा. ताई ताई तो करत होता, म्हणून तो खरंच माझा भाऊ आहे का पत्ता ठाऊक असायला? फोन नंबर आहे, यूपीआयचा आयडी आहे, त्यावरून सरकारला माणूस सापडत नाही आणि मी शोधायचा. शिवाय ६०,००० पैकी पुराव्याने दाखवता येतात फक्त २०,०००, बाकी ४०,००० रोख गेले ते मी दिलेच नाहीत असं धरा.

म्हणून कामाच्या आधी आधारची कॉपी घ्या, द्यायला कुरकुरला तर तिथेच रामराम. माप दोघांनी एकत्र घ्यायचं, दारं खिडक्या धरायच्या की नाही ते कागदावर. अ‍ॅडव्हान्स मजुरीच्या फार तर दहा टक्के, पुढचे पैसे खोली पूर्ण झाल्यावर, आणि सगळी खोदाखोद एकदम नाही, एक खोली संपली की दुसरी, म्हणजे मध्येच अडवून पैसे मागायला त्याला जागाच उरत नाही. बादली तुमच्यासमोर उघडायची, रिकामी झाली की झाकणावर आणि अंगावर खिळ्याने भोकं पाडायची, मी दुसऱ्या वेळी हेच केलं, रंगारी नाराज झाला तर होऊ दे. पाणी किती घालायचं ते बादलीवरच लिहिलेलं असतं, वाचा आणि मापाने घालायला लावा. यूपीआय करताना समोर दिसणारं नाव आणि कार्डावरचं नाव वेगळं असेल तर पैसे पाठवू नका, माझ्या वेळी वेगळं होतं, "मिसेसचं अकाउंट आहे" म्हणाला.

दुसऱ्या वेळी मजुरी ३१,००० आणि मटेरियल २३,४०० लागलं, लांबी जास्त गेली कारण आधीची सगळी काढावी लागली. त्या रंगाऱ्याने बादलीला हात न लावता नुसती भिंत नखाने खरवडून सांगितलं की हे इमल्शन नाहीये.

त्या काँट्रॅक्टरचा नंबर अजून चालू आहे. माझा ब्लॉक केलाय, बहिणीच्या मोबाइलवरून दिसतो. प्रोफाइलचा फोटो तोच, जो त्याने मला त्याचं काम म्हणून दाखवला होता, पिस्ता रंगाचा हॉल, डावीकडे लाकडी खिडकी, सिलिंगला गोल दिवे. कुणी तुम्हाला हा हॉल दाखवला तर त्या घराचा पत्ता मागा आणि म्हणा, चला, आत्ता बघून येऊ.