फ्रीॲक: गाण्यांच्या फाइली बदलायच्या असतील तर आधी हे घ्या

फुकट ऑडिओ कन्व्हर्टर शोधायला गेलं की शेकडो नावं समोर येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात तेच पाच-सहा एन्कोडर, म्हणजे आवाज ठरावीक स्वरूपाच्या फाइलीत बसवणारे भाग, असतात: एमपीथ्रीसाठी लेम, ऑपससाठी लिबऑपस, आणि काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या फ्लॅकसाठी फ्लॅकचा मूळ एन्कोडर. आवाज कसा येणार हे या एन्कोडरवर ठरतं. त्यामुळे सॉफ्टवेअर पारखताना वेगळ्या गोष्टी बघाव्या लागतात. टॅग (फाइलीतच नोंदलेलं शीर्षक, कलाकार वगैरे) शाबूत राहतात का, देवनागरी नावं बिघडत नाहीत ना, पाचशे फाइली एका दमात होतात का, आणि इन्स्टॉल करताना नको ते प्रोग्रॅम मागच्या दाराने आत शिरत नाहीत ना. या सगळ्यात फ्रीॲक उजवं ठरतं. ते मुक्तस्रोत आहे, जाहिराती नाहीत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. मात्र उतरवायचं ते प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरूनच. डाउनलोडच्या तिऱ्हाईत साइट्स त्यासोबत काय चिकटवतील याचा भरवसा नसतो.

काम सोपं आहे. फाइली किंवा अख्खं फोल्डर खिडकीत ओढून टाका, एन्कोडर निवडा, आउटपुट फोल्डर दाखवा आणि सुरू करा. पण त्याआधी सेटिंगमध्ये फाइलनावाचा साचा बघून घ्या. तो कलाकार आणि शीर्षक असा असेल, तर नवी नावं टॅगवरून बनतात. टॅग अर्धवट असतील तर नावांचा घोळ होतो, म्हणून जुनीच नावं हवी असतील तर साच्यात मूळ फाइलनाव ठेवा. तिथेच युनिकोड नावांचा, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या चालू देण्याचा पर्याय असतो, तो चालू हवा.

एमपीथ्रीसाठी लेममध्ये व्हीबीआर (गरजेनुसार कमी-जास्त होणारा बिटरेट) निवडा आणि दर्जा २ ठेवा, इथे आकडा लहान तितका दर्जा वरचा. सरासरी १९० केबीपीएसच्या (सेकंदाला किलोबिट) आसपास बसते आणि मूळ सीडीशी फरक ओळखणं बहुतेकांना जमत नाही. दर्जा ० घेतला तर सरासरी २४५ च्या घरात जाते. सरसकट ३२० लावण्याची आपल्याकडे सवय आहे, पण पाच मिनिटांचं गाणं त्यात १२ एमबी होतं आणि कानाला फारसा फरक जाणवत नाही. आणखी एक गैरसमज तर पुसलाच पाहिजे: १२८ ची एमपीथ्री ३२० मध्ये बदलून आवाज सुधारत नाही. पहिल्या वेळी जे गेलं ते गेलंच, वर दुसऱ्या एन्कोडिंगचं नुकसान वेगळं. अशा एमपीथ्रीपासून बनवलेल्या ‘फ्लॅक’ही फिरत असतात. स्पेक नावाच्या फुकट साधनात फाइल टाकून तिचा वर्णपट, म्हणजे कोणत्या कंप्रतेपर्यंत आवाज आहे याचं चित्र, बघा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ रेषेत कापल्यासारखं दिसलं, तर संशय घ्यायला जागा आहे.

गाडीतल्या प्लेअरवर मराठी शीर्षकांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात, त्याचं मूळ बहुतेकदा टॅगमध्ये असतं. एमपीथ्रीच्या सगळ्यात जुन्या टॅगमध्ये, म्हणजे आयडीथ्रीच्या पहिल्या आवृत्तीत, शीर्षकाला जेमतेम ३० बाइट्स आहेत आणि युनिकोडची सोयच नाही. देवनागरी त्यात बसणं शक्य नाही. दुसऱ्या आवृत्तीतला २.४ हा प्रकार यूटीएफ-८ ही युनिकोड लिहिण्याची पद्धत चालवतो, पण कितीतरी जुने प्लेअर २.३ पर्यंतच वाचतात आणि त्यांना यूटीएफ-१६ ही दुसरी पद्धत लागते. म्हणून टॅगच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-१६ निवडा आणि पहिल्या आवृत्तीचा जुना टॅग बंद करा. एवढं करूनही चौकोन दिसले, तर त्या प्लेअरमध्ये देवनागरी फाँटच नाही. मग शीर्षकं रोमन लिपीत लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

शास्त्रीय मैफिलीच्या सीडी एमपीथ्रीत करताना आणखी एक खोच आहे. विलंबित ख्यालातून द्रुत बंदिशीकडे जाताना तबला अखंड चालू असतो, पण ट्रॅक दोन असतात. एमपीथ्री एन्कोडर प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो. ती किती, याची नोंद लेम फाइलमध्ये करून ठेवतो, पण साधे प्लेअर ती वाचत नाहीत आणि ऐन समेवर झटका बसतो. फ्लॅकमध्ये हा प्रश्नच येत नाही. एमपीथ्रीच हवी असेल, तर सगळे ट्रॅक मिळून एकच फाइल बनवण्याचा पर्याय फ्रीॲकमध्ये आहे. मैफिलीसाठी तोच वापरा.

कीर्तन, व्याख्यान, मुलाखत अशा बोलण्याच्या रेकॉर्डिंगला ऑपससारखा दुसरा पर्याय नाही. मोनो, ३२ केबीपीएस. तासाभराची फाइल साधारण १४ एमबीत मावते आणि शब्द न् शब्द स्वच्छ कळतो. सीडीच्या दर्जाच्या वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या फाइलीत, तोच तास ६३५ एमबी खातो. ४४.१ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग ऑपसमध्ये ४८ किलोहर्ट्झ झालेलं दिसेल, त्यात बिघाड काही नाही, ऑपसचं काम तसंच चालतं. ऑपस न वाजवणाऱ्या जुन्या उपकरणांसाठी मोनो एमपीथ्री ६४ वर ठेवा. रेकॉर्डरने मोठ्या कार्यक्रमाचे तुकडे केले असतील तर त्यामागे बहुतेकदा फाइलीच्या आकाराची ४ जीबीची मर्यादा असते. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ अशा रेकॉर्डिंगमध्ये साधारण दोन तासांत ती गाठली जाते. तेही तुकडे वरच्याच, एकच फाइल बनवण्याच्या पर्यायाने एकत्र करता येतात.

फ्रीॲक कापाकापीच्या कामाचं नाही. त्यासाठी ऑडॅसिटी आहे, पण तिथे एमपीथ्री उघडून कापली की ती पुन्हा एन्कोड होते. नुसतं पुढचं-मागचं छाटायचं असेल तर विंडोजवर एमपीथ्री डायरेक्ट कट वापरा, ते पुन्हा एन्कोड न करता कापतं. फोनवरच्या एमफोरए फाइली ऑडॅसिटीत उघडायला एफएफएम्पेग या फुकट साधनाची लायब्ररी वेगळी बसवावी लागते. व्हिडिओतून आवाज काढायचा असेल तर थेट एफएफएम्पेगच घ्या. कमांड टाइप करायची तयारी हवी, पण ‘कॉपी’ पर्यायाने आतला एएसी (व्हिडिओत सर्रास असणारा आवाजाचा प्रकार) आवाज जसाच्या तसा एमफोरएत उतरतो, काही सेकंदांत आणि काहीही न गमावता. फूबार २००० चा कन्व्हर्टरही तोलामोलाचा आहे आणि गाण्यांचा कमी-जास्त आवाज सारखा करायला तो हाताशी असावाच, मात्र विंडोजवर त्याचा एन्कोडरचा संच निराळा उतरवावा लागतो.

जपून ठेवायच्या संग्रहासाठी फ्लॅक, दाबण्याची पातळी ५. पातळी ८ ला वेळ जास्त लागतो आणि जागा किंचितच वाचते. आवाज दोन्हींत तंतोतंत सारखा. मूळ आवाजाचा एमडी५ ठसा (आवाज बदलला का हे पडताळायचा आकडा) फ्लॅकच्या फाइलमध्येच असतो, तेव्हा वेव्ह पुसण्याआधी फ्लॅकच्या साधनातल्या चाचणीच्या पर्यायाने सगळ्या फाइली एकदा तपासून घ्या. गाडीसाठी पेनड्राइव्ह भरत असाल तर आधी दोनच गाणी टाकून टॅग आणि आवाज बघा, मग उरलेली पाचशे लावा.