बिझनेस ॲनालिस्ट व्हायचे आहे : ईसीबीए, पीएसएम, सीएसएम की एनपीटीईएल?

दारव्हा, कारंजा किंवा मूल यांसारख्या तालुक्याच्या गावी राहून, नागपूरच्या मिहानमधील अथवा पुण्यातील कंपनीत बिझनेस ॲनालिस्ट (ग्राहकाला नेमके काय हवे ते समजून घेऊन सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांसाठी नीट लिहून देणारा) म्हणून शिरू पाहणाऱ्या पदवीधरापुढे ऑनलाइन शिक्षणाचे प्रामुख्याने चार पर्याय येतात : आयआयबीए या संस्थेचे ईसीबीए हे बिझनेस ॲनालिसिसचे प्रवेश पातळीचे प्रमाणपत्र, स्क्रम म्हणजे छोट्या चमूने टप्प्याटप्प्याने काम करण्याच्या पद्धतीची दोन प्रमाणपत्रे (स्क्रम डॉट ऑर्गचे पीएसएम-१ आणि स्क्रम अलायन्सचे सीएसएम) आणि आयआयटींसारख्या संस्थांचे प्राध्यापक शिकवतात ते एनपीटीईएलचे अभ्यासक्रम. जाहिरातींत हे सारे एकाच रांगेत बसवलेले असले, तरी त्यांतून शिकायला मिळते ते वेगवेगळे.

आयआयबीए ही २००३ मध्ये टोरांटोत स्थापन झालेली संस्था. तिच्या सीबीएपी या वरच्या प्रमाणपत्रासाठी मागील दहा वर्षांतील ७,५०० तासांचा आणि सीसीबीए या मधल्या प्रमाणपत्रासाठी सात वर्षांतील ३,७५० तासांचा विश्लेषणाचा अनुभव लागतो. त्यामुळे नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाला सीबीएपीची तयारी विकणाऱ्या क्लासला हा अनुभव कोठून आणायचा, असे आधी विचारावे. ईसीबीएला अनुभवाची अट नाही.

फरक कामातून नीट कळतो. समजा, एका शेतकरी उत्पादक कंपनीला सोयाबीन खरेदीसाठी ॲप हवे आहे आणि अध्यक्ष म्हणतात, "चुकारा लवकर दिसला पाहिजे." तो कोणाला दिसायचा, शेतकऱ्याला की संचालकांना, वजन होताच की ओलाव्याची कपात झाल्यावर, सातबारा वडिलांच्या नावे आणि बँक खाते मुलाचे असेल तर काय करायचे, हे प्रश्न काढण्याची, लिहून ठेवण्याची आणि पडताळण्याची शिस्त म्हणजे ईसीबीएचा विषय. यांपैकी कोणता भाग आधी बांधायचा, तो कोणी ठरवायचा आणि जास्तीत जास्त एका महिन्याच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यात, चालते काय ते कसे दाखवायचे, हा स्क्रमचा विषय. स्क्रमचे नियम सांगणाऱ्या नोव्हेंबर २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये प्रॉडक्ट ओनर (काय आधी बांधायचे ते ठरवणारा), स्क्रम मास्टर (पद्धत नीट पाळली जाते का ते पाहणारा) आणि डेव्हलपर्स (प्रत्यक्ष बांधणारे) एवढ्याच तीन जबाबदाऱ्या आहेत. बिझनेस ॲनालिस्टचे नाव त्यात नाही. प्रत्यक्षात हा माणूस बहुधा प्रॉडक्ट ओनरच्या शेजारी बसतो, म्हणून माझ्या मते त्याने पीएसएमपेक्षा स्क्रम डॉट ऑर्गच्याच पीएसपीओ-१ या प्रॉडक्ट ओनरसाठीच्या प्रमाणपत्राचा विचार आधी करावा, जरी क्लासवाले ते क्वचितच सुचवतात.

पीएसएम-१ आणि पीएसपीओ-१ या दोन्ही परीक्षांत ६० मिनिटांत ८० प्रश्न असतात, उत्तीर्ण होण्यास ८५ टक्के लागतात, वर्गाला बसण्याची सक्ती नाही आणि प्रमाणपत्राला मुदत नाही. सीएसएमसाठी मात्र मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा वर्ग करावाच लागतो. नंतरची परीक्षा सोपी, ५० पैकी ३७ बरोबर, पण दर दोन वर्षांनी १०० डॉलर आणि शिक्षणाचे २० गुण दाखवून नूतनीकरण करावे लागते. स्वतःच्या खिशातून पैसे घालणाऱ्याला हा फरक लहान नाही.

एनपीटीईएलकडे थेट बिझनेस ॲनालिस्टची पदवी म्हणून पाहू नये. आयआयटी खरगपूरचा सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम पाया पक्का करतो. शिकणे मोफत आहे आणि शुल्क फक्त परीक्षेचे. त्याचा खरा फायदा गावाकडे जाणवतो. ईसीबीएची परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर, निरीक्षकाच्या नजरेखाली देता येते, पण मधेच लाइन गेली किंवा नेटवर्क तुटले की जीव टांगणीला लागतो. एनपीटीईएलची परीक्षा केंद्रावर होते. एसटीने शहर गाठावे लागते, इतकेच. घरी इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम नसतील, तर कोणतीही ऑनलाइन परीक्षा नातेवाइकाच्या शहरातील घरून दिलेली बरी.

पैसे बेताचे असतील, तर एनपीटीईएल आणि मोफत मिळणारे स्क्रम गाइड आधी संपवावे, गावातल्याच एखाद्या जिनिंगच्या किंवा दूध संकलनाच्या व्यवहाराच्या गरजा लिहून नमुना तयार करावा आणि नंतर ईसीबीएचे शुल्क भरावे. नोकरी लागलेली असून चमू स्क्रमने चालत असेल, तर पीएसपीओ-१. संपूर्ण चमूला एकत्र शिकवायचे असेल तेव्हाच सीएसएमचा थेट वर्ग परवडतो, कारण प्रशिक्षकासमोर सर्वांचे वाद एकदाच मिटतात. तो खर्च मात्र कंपनीने उचलावा आणि नूतनीकरणाचे पैसे कोण भरणार, हेही तेव्हाच लेखी ठरवून घ्यावे.