डिकी मोठी की दार मोठं? स्विफ्ट आणि डिझायर, दोन्ही चालवून

माझा धंदा साड्यांचा. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागांवरच्या साड्या घेऊन मी चंदगड, गडहिंग्लज, निपाणीला घरोघरी विक्री लावते. 2019पासून माझ्याकडे मारुतीची स्विफ्ट आहे, झेडएक्सआय मॉडेल. आता गाडी बदलायची ठरली. नेमकं तेव्हाच भाऊजी दीड महिना पुण्याला लेकीकडे राहायला गेले आणि त्यांच्या नव्या डिझायरची किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. नवी स्विफ्टही दोनदा चालवून बघितली. त्यामुळे हे लिहितेय ते स्वतः गठ्ठे चढवून-उतरवून लिहितेय.

सध्याच्या मॉडेलांत इंजिन दोन्हींचं तेच, 1197 सीसी, तीन सिलिंडरचं. टाकी 37 लिटर, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2450 मिमी, तेही सारखंच. चालवताना फरक फारसा जाणवत नाही. फरक सगळा मागे आहे. स्विफ्ट 3860 मिमी, डिझायर 3995. डिझायरची डिकी अशी आखूड का, तर 4 मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कर कमी. 2008ची पहिली डिझायर 4 मीटरपेक्षा लांब होती, 2012ला तिची शेपटी कापली गेली. 22 सप्टेंबर 2025पासून या मापातल्या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के आहे, त्याचा फायदा दोघींनाही. पण त्याच दर्जाचं मॉडेल धरलं तर डिझायर साधारण अर्ध्या लाखाने महाग पडते, आणि कर्नाटकात 5 ते 10 लाखांच्या गाडीला 14 टक्के आजीवन कर असल्याने त्या फरकावर आणखी 7,000 जातात, वर अधिभार वेगळा.

आता डिकी. कागदावर स्विफ्ट 265 लिटर, डिझायर 382. साड्यांचे गठ्ठे भरले तर हे खरंच दिसतं. स्विफ्टमध्ये मागे पाच गठ्ठे बसतात, डिझायरमध्ये आठ. शिवाय डिझायरचा माल बाहेरून दिसत नाही. गडहिंग्लजच्या बाजारात गाडी लावून जेवायला गेले तरी जीव शांत होता. स्विफ्टमध्ये मी वर जुनी चादर टाकते, तरी काचेतून कळतंच की आत काहीतरी आहे.

पण माझ्याकडे साड्या टांगायचा लोखंडी स्टँड आहे, पाच फुटी पाइपांचा. तो डिझायरमध्ये गेलाच नाही. डिकीचं तोंड अरुंद, आणि मागच्या सीटची पाठ मुडपत नाही. शेवटी तो पुढच्या सीटवरून तिरका घातला, आणि सोबत येणारी मुलगी बसने आली. स्विफ्टची पाठ आडवी पडते (माझ्या मॉडेलात 60:40 अशी दोन भागांत), आणि मागचं दार छपरापर्यंत उघडतं. तळ सपाट होत नाही, मध्ये पायरी राहते, तिथे मी गोणपाट घालते. शिलाई मशीन, येळ्ळूरहून आणलेली बासमतीची दोन पोती, सगळं यात गेलंय. म्हणून म्हणते, शोरूममध्ये लिटर विचारू नका, सीट मुडपून दाखवा म्हणा.

माणसांच्या बाबतीत मात्र डिझायर सरस आहे, यात शंका नाही. आत्तींचे गुडघे दुखतात. कोल्हापूरला अंबाबाईला नेलं तर कागलजवळ पोचल्यावर म्हणाल्या, "ह्यात पाय सोडून बसाय येतंय बघ." मागची सीट थोडी मागे सरकवलेली, गुडघ्यांपुढे जागा जास्त, मध्ये हात टेकायला. माझ्या स्विफ्टमध्ये त्या निपाणीतच उतरून फिरायला लागतात. सुरक्षेचंही सांगायला हवं. सहा एअरबॅग दोन्हींच्या सगळ्या मॉडेलांत आहेत, पण 2024मध्ये गाड्या आपटून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने मोठ्यांच्या सुरक्षेसाठी 5 तारे दिले ते डिझायरला. ते स्विफ्टचे धरू नका.

पावसाचं एक. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला चाकांचा चिखल उडून स्विफ्टची मागची काच दहा मिनिटांत लाल होते. मागचा वायपर नसेल तर काही दिसत नाही, म्हणून तो असलेलंच मॉडेल घ्या. डिझायरची काच उंचावर, डिकीच्या पलीकडे, ती इतकी माखत नाही. उलट आमच्या गल्लीत गाडी मागे घेताना डिकीचं टोक दिसत नाही, आणि वीतभरही नसलेला तो जादा भाग तिथे फार मोठा वाटतो.

सीएनजी घेणार असाल तर हे सगळं पुन्हा मोजा, कारण सिलिंडर डिकीत येतो. स्विफ्टमध्ये मग मऊ पिशवीपलीकडे फारसं काही राहत नाही.

मी पंधरा दिवस विचार केला. माल असतो त्या दिवशी गाडीत दोघीच असतो, आणि तसे दिवस महिन्यात वीस. बुकिंग स्विफ्टचंच केलंय, पेट्रोल, झेडएक्सआय. आत्तींना लांब न्यायचं झालं की भाऊजींची किल्ली मागायची. आणि गणपतीची मूर्ती आणायला त्यांनी माझी गाडी न्यायची, कारण अडीच फुटी मूर्ती उभी राहते ती स्विफ्टच्याच मागच्या दारात.