यूव्ही : लहान डिस्क आणि मोजक्या डेटावर पायथनचे प्रकल्प

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक विद्यार्थी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चालवतात आणि इंटरनेट मोबाइलवरून घेतात. अशा वेळी पायथनच्या प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याच्या पॅकेजांचा (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचा) वेगळा कप्पा द्यावा, हा सल्ला योग्य असूनही डिस्कला आणि डेटाला महाग पडतो. ॲस्ट्रल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेले, रस्ट भाषेत लिहिलेले यूव्ही हे पायथनची पॅकेजे आणि एन्व्हायर्नमेंट सांभाळणारे मोफत साधन मला उपयुक्त वाटले ते याच कारणाने; त्याच्या वेगाचे कौतुक मात्र जरा जास्तच होते.

उबुंटू २४.०४ वर प्रणालीच्या पायथनमध्ये पिपने (पॅकेज बसवणाऱ्या पायथनच्या नेहमीच्या साधनाने) थेट पॅकेज टाकू दिले जात नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण उबुंटूची स्वतःची कितीतरी साधने त्याच पायथनवर चालतात. पायथन ३.३ पासून असलेले, एन्व्हायर्नमेंट बनवणारे व्हेन्व्ह हा त्यावरचा रुळलेला उपाय. पण त्यात प्रत्येक प्रकल्पात नमपाय, पांडाज अशा आकडेमोडीच्या पॅकेजांची नवी प्रत डिस्कवर बसते. यूव्ही पॅकेज एकदाच कॅशमध्ये (सामायिक साठ्यात) ठेवते आणि हार्डलिंकने, म्हणजे प्रत न करता त्याच फाइलला दुसरे नाव देऊन, प्रत्येक प्रकल्पात जोडते, त्यामुळे दुसऱ्या प्रकल्पाला त्याच आवृत्तीसाठी जवळपास काहीच जागा लागत नाही. कॅश आणि प्रकल्प एकाच फाइलसिस्टीमवर (डिस्कच्या एकाच विभागावर) हवेत, एवढी अट आहे. पेनड्राइव्हवर काम करणाऱ्यांना हा लाभ मिळत नाही.

पायथनची जुनी आवृत्ती हवी असल्यास यूव्ही ती तयार स्वरूपात आणते, पायएन्व्ह या दुसऱ्या साधनासारखी मूळ कोडपासून कंपाइल करत बसत नाही. लॉक फाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) सोबत दिली की निपाणीतल्या सहकाऱ्याकडेही 'यूव्ही सिंक'ने नेमक्या त्याच आवृत्त्या बसतात. 'यूव्ही व्हेन्व्ह'ने केलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप मुळात नसते, हे नवख्याला आधीच सांगावे. पॅकेज 'यूव्ही पिप इन्स्टॉल'नेच टाकायचे.

खरी मर्यादा वेगळीच आहे. जमिनीचे कन्नड उतारे आणि घरातले जुने मराठी कागद वाचणारा प्रकल्प आपल्याकडे कोणालाही सुचण्यासारखा. त्यासाठी यूव्ही पायटेसरॅक्ट बसवते, पण ते केवळ वरचे आवरण असते. चित्रातला मजकूर ओळखणारे मूळ टेसरॅक्ट आणि त्याचा कन्नड व मराठी भाषांचा डेटा यांची सोय एपीटीनेच (उबुंटूच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने) करावी लागते, आणि लॉक फाइलमध्ये त्यांची नोंद होत नाही, म्हणून ती पॅकेजे रीडमीत (प्रकल्पासोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) आवर्जून लिहावीत.