हस्तिदंती भिकारी की लाकडी भिकारीण?

शिल्पकार सिमोन ट्रोगर (१६८३–१७६८) मूळचा ऑस्ट्रियातल्या टिरोलचा, पण नाव कमावलं म्युनिकमध्ये. त्याच्या भिकाऱ्यांचे कपडे तपकिरी लाकडाचे, अंग हस्तिदंताचं, डोळे काचेचे. फाटक्या कपड्यांतून पांढरंशुभ्र अंग डोकावतं. ही कारागिरी थक्क करते. पण धनिकांच्या दालनांत मिरवणाऱ्या या दारिद्र्याला महागड्या वस्तूची झळाळी आहे आणि तीच मला खटकते.

जर्मन शिल्पकार अर्न्स्ट बार्लाख १९०६ साली रशियात गेला, तिथले भिकारी त्याच्या मनात घर करून राहिले. १९१९ मधली त्याची भिकारीण निव्वळ लाकडाची. चेहरा वस्त्राआड, बोलतात ते पुढे केलेले हात. ट्रोगर चिंध्या दाखवतो, बार्लाख मागण्यातली लाज. हाताची सफाई ट्रोगरची मोठी, तरी माझा कौल बार्लाखलाच.