दुरुस्त करावं की दुजोरा द्यावा?

स्मृतिभ्रंश झालेले सोलापूरचे आबा पहाटेच म्हणतात, “भोंगा झाला, डबा दे.” गिरणी बंद होऊन जमाना लोटला.

“गिरणी कधीच बंद पडली, आबा” असं खरं सांगणं सुरुवातीच्या टप्प्यात चालतं. ठळक कॅलेंडर, घड्याळही मदतीला येतं. पुढे मात्र नाही. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाला, लवकर इजा होते, नवी माहिती टिकत नाही. मग आजी गेल्याची बातमी दरवेळी नवी, रडणंही नवंच.

त्यापेक्षा “साचाखात्यात, मागावर होतात ना? जोडीला कोण असायचं?” असं त्यांच्या मनाला धरून बोलणं मला पटतं. एका वेळी एकच प्रश्न, उत्तराला भरपूर वेळ. याला खोटेपणा म्हणणारे पाहुणे वर्षातून एकदा, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेपुरतेच येतात! गॅस आणि औषधांच्या बाबतीत मात्र होला हो नको; वाद न घालता विषय बदलावा.