मागच्या अ‍ॅक्सलला एअर लॉकर: कासच्या चिखलात आणि स्पितीच्या बर्फात नऊ महिने

मागच्या जूनमध्ये, पाऊस लागायच्या आठवडाभर आधी, माझ्या जुन्या फोर बाय फोरच्या मागच्या अ‍ॅक्सलला एअर लॉकर (त्या अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं हवेच्या दाबाने एकत्र जखडणारा भाग) बसवून घेतला. कॉम्प्रेसर आणि मजुरी धरून खर्च लाखाच्या वर गेला. तेव्हापासून गाडी दर आठवड्याला साताऱ्याहून यवतेश्वर घाट, कास करत बामणोलीकडच्या आमच्या रानात जाते, आणि फेब्रुवारीत दहा दिवस स्पितीला जाऊन आली. लॉकरबद्दल विचारणारे बहुतेक जण बर्फाचंच नाव काढतात, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

फोर बाय फोरचा दांडा टाकला की चारही चाकं ओढतात, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. दांड्याने पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जोडला जातो, एवढंच. पुढे प्रत्येक अ‍ॅक्सलवरचा साधा डिफरन्शिअल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि किती द्यायचा हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. बांधावर तिरकी चढवताना मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक हलकं झालं, की तीच दोन गरागरा फिरतात आणि उरलेली दोन, चांगल्या जमिनीवर असूनही, गप्प बसतात. लॉकरमध्ये हवेच्या दाबाने आतला पिस्टन सरकतो, गिअर अडकतो आणि दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला लागतात. मग ज्या चाकाला पकड आहे, त्याला हवा तेवढा जोर मिळतो. गुरखासारख्या गाडीला पुढचा-मागचा लॉक कारखान्यातूनच येतो. आमच्यासारख्यांना बाहेरून बसवावा लागतो.

पावसाळ्यात फरक पहिल्याच दिवशी कळला. रानाच्या तोंडाशी ओढ्यापलीकडे लाल मातीचा चढ आहे. तिथे दरवर्षी जुलैत ट्रॅक्टर बोलवावा लागायचा. यंदा एकदाही बोलवला नाही. टायरची हवा ३२ पीएसआयवरून २० वर आणायची, लो रेंजचा (कमी वेग, जास्त ओढ) पहिला गिअर टाकायचा, चढाच्या आधीच लॉक लावायचा आणि सावकाश सोडायची. आधीच लावायचा, हे महत्त्वाचं. चाक फिरायला लागल्यावर बटण दाबलं तर आतल्या दातांवर आणि अ‍ॅक्सलवर झटका बसतो. तेवढ्यात चाकाने खड्डाही केलेला असतो.

स्पितीत काझ्याहून लांग्झाला चढताना, सावलीतल्या एका वळणावर रस्त्यावरून वाहिलेलं पाणी काचेसारखं गोठलं होतं. उजवं मागचं चाक त्याच्यावर, डावं कडेच्या दाबलेल्या बर्फात. लॉक नसताना उजवं चाक नुसतं फिरलं आणि गाडी हातभर मागे आली. थांबलो, पाय उचलला, बटण दाबलं. कॉम्प्रेसरचा आवाज, मागून ‘टक’ असा बारीक धक्का, आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वर निघाली. त्या क्षणी पैसे वसूल झाले असं वाटलं.

उतरताना मी लॉक तसाच ठेवला. ही माझी चूक. रस्ता दरीकडे किंचित कललेला होता. लॉक लागल्यावर दोन्ही मागची चाकं एकदमच सुटतात, आणि बाजूला धरून ठेवायला एकही उरत नाही. शेपूट दरीकडे सरकायला लागलं. सगळं दोन-तीन फुटांचंच, पण बायको शेजारी बसली होती आणि तिने दरवाजाचं हँडल धरलेलं मला आजही दिसतं. पुढच्या वळणावर थांबून लॉक सोडला, मागच्या दोन्ही चाकांना चेन बांधल्या आणि मगच खाली आलो. माझ्या मिस्त्रींनी बसवतानाच बजावलं होतं, “साहेब, चढ संपला की बटण सोडायचं. ह्ये लावून फिरायचं न्हाय.” लॉकर पकड तयार करत नाही, असलेली वापरतो. निव्वळ बर्फाच्या काचेवर दोन्ही चाकांना पकड नसेल, तर लॉकर काय करणार? तिथे चेनच लागते.

कॉम्प्रेसरपासून लॉकरला हवा नेणारा पाइप ज्या दुसऱ्या गॅरेजमध्ये टाकून घेतला, तिथे तो सायलेन्सरच्या फार जवळून नेला होता. ऑगस्टमध्ये रानातच कॉम्प्रेसर बंद होईना. साबणाचं पाणी लावून बघितलं तर पाइप वितळून भोक पडलेलं. बदलून चॅसिसच्या आतल्या बाजूने घेतला, तेव्हापासून त्रास नाही. बसवून घेणाऱ्यांनी गाडी वर उचलून हे स्वतः बघावं. दुसरं, डॅशवरचा दिवा फक्त बटण दाबल्याचं सांगतो. लॉक खरंच लागलाय का, हे मातीत सावकाश गाडी वळवून बघायचं. स्टिअरिंग जड होतं, गाडी सरळ जाऊ बघते. आणि खोल ओढा पार केला की डिफरन्शिअलचं ऑइल तपासा. माझं सप्टेंबरमध्ये दुधाच्या चहासारखं निघालं, ब्रीदरमधून (आतली हवा बाहेर जायच्या छोट्या तोंडातून) पाणी शिरलं होतं. आता ब्रीदरला नळी लावून ती बॉनेटखाली नेलीय.

डांबरावर लॉक सोडलेला असताना गाडी पहिल्यासारखीच चालते, मायलेजमध्येही फरक जाणवला नाही.

पुढच्या अ‍ॅक्सललाही बसवणार का, असं मित्र विचारतात. सध्या नाही. पुढचा लॉक लागला की स्टिअरिंग जवळजवळ वळतच नाही, आणि आमच्या रानाच्या वाटेवर वळणंच जास्त आहेत. त्या पैशांत जूनआधी चार नवे टायर घेतोय.